दोरीतला दोरा

नंदिनी: पट्टा एक. दोरी एक, मधोमध कापलेली, म्हणजे तुकडे दोन. शिवणाच्या दोऱ्याचं रीळ एक. सुतळीचा तुकडा एक. वाटीत भाकरीचे कुटके सात. काठी एक, अजून कागदात गुंडाळलेली. कुत्रा एक.

वस्ताद: आणि म्हातारं एक. ते मोजायचं ऱ्हायलं की.

नंदिनी: माणसं साहित्यात धरत नाहीत, काका.

वस्ताद: मग ती काठी बी धरू नगंस. तिचा ह्यात काय संबंध न्हाई. डॉक्टरनं सांगितली, हिनं आणून ठेवली, मी हात लावला न्हाई.

नंदिनी: कट्ट्यावर आहे ते सगळं आधी मोजायचं, मग लागेल ते घ्यायचं. प्रयोगशाळेत असंच शिकवलंय.

बायडाबाई: च्या घ्या दोघंबी. नंदे, तुझं अप्पा माडीवरनं हाका मारायलेत. म्हणालं, पोरगी बीएस्सी झाली ती घरमालकाचं कुत्रं वळायला व्हय?

नंदिनी: कॉलेजात जागा निघेपर्यंत रिकामीच आहे ना, काकू.

बायडाबाई: रिकामी हाईस म्हणून माझी दोरी कापलीस? चांगली नवी हुती.

नंदिनी: त्याला कारण आहे. हे बघा, हे टोक कुत्र्याच्या पट्ट्याला, हे टोक माझ्या हातात. मध्ये जिथे कापलंय तिथे दोन्ही तुकडे शिवणाच्या दोऱ्यानं जोडलेत. कुत्रा बरोबरीनं चालला तर दोरी ढिली राहते आणि दोऱ्याला काही होत नाही. त्यानं ओढलं की दोरा तुटतो.

बायडाबाई: आणि कुत्रं पळतंय.

नंदिनी: नाही पळत. बाजूनं ही जास्त लांबीची सुतळी बांधलीय. दोरा तुटला तरी ती धरून ठेवते. काल मी म्हणत होते, ‘जोरात ओढलं.’ काका म्हणत होते, ‘ओढलंच नाही.’ आता वाद नको. दोरा सांगेल.

वस्ताद: ह्येला म्हंत्यात शिक्षण.

बायडाबाई: ह्येला म्हंत्यात नासाडी. रीळ बी माझंच हाय.

नंदिनी: हा दोरा दीड किलोला तुटतो. तुमची वजनं पिशवीत घालून, दोऱ्याला टांगून बघितली.

बायडाबाई: तरीच म्हणलं, किलोचं वजन पिठाच्या डब्यावर कसं गेलं.

नंदिनी: चल रे. चल बाळा. ऊठ.

वस्ताद: बाळा म्हणल्यावर कुठलं उठतंय त्ये! नावानं हाक मार.

नंदिनी: गल्लीत मला ते नाव घेता येत नाही, काका.

वस्ताद: आता नावात काय वंगाळ हाय? एवढंसं पिल्लू हुतं तवा तालमीत वाळत घातल्यालं लंगोट तोंडात धरून पळायचं. आणि त्येच्या मागनं पैलवान, तसंच उघडंवागडं—

बायडाबाई: अवो! पोरगी हाय म्होरं.

वस्ताद: म्हणून लंगोट्या. लंगोट्या, ऊठ! बघ. उठला का न्हाई?

नंदिनी: उठला. निघतो आम्ही. गुळाच्या वखारीपर्यंत जाऊन परत येतो.

वस्ताद: आणि वढाय लागला की दे एक हिसडा. म्हशीला दावं धरून आणतो तसा आण.

नंदिनी: हिसडा द्यायचा नाही. त्यानं ओढलं की मी उभी राहते, झाडासारखी. दोरी ढिली झाली की चालायला लागते. ओढून कुठं जाता येत नाही, एवढं त्याला कळलं की झालं.

वस्ताद: सारी गल्ली तुला झाड झाल्यालं बघून हसतीया.

नंदिनी: हसू दे. कुत्रा हसत नाही.

बायडाबाई: गेली. वाणी पोरगीची धारंची हाय. वागणं गुणाचं हाय.

वस्ताद: शिकल बघ ह्यो.

बायडाबाई: ऐतवारी ज्ञानू येतोय.

वस्ताद: कळलंय.

बायडाबाई: चंदगडावरनं काजू घिऊन टेंपो शाहूपुरीत येणार, जाताना रिकामा जाणार. पुतण्या घरचाच हाय. त्याच्याबरबर देऊ लावून. तिथं बाग हाय, मोकळं रान हाय. त्या जिवाला दोरीच लागायची न्हाई.

वस्ताद: चंदगडात पाऊस किती हाय ठावं हाय का? कुत्र्याच्या पाठीवर शेवाळ धरंल.

बायडाबाई: धरू दे. पायरीवरनं तुम्हांस्नी दुसऱ्यांदा उचलून आणायचं नगं मला.

वस्ताद: एकडाव पडलो तर—

बायडाबाई: एकडावच पडलासा, पर मी दारात हुतो. तांदूळ निवडत हुतो. त्येनं हिसडा मारला, तुम्ही गेलासा, आणि खुब्याचं हाड मोडल्याला आवाज मी ऐकला. वाळलं लाकूड मोडावं तसा. अजून चुलीत लाकूड मोडताना मला दचकाय हुतंय. लंगोट्याचं वाईट न्हाई माझ्या मनात. त्येची भाकरी थापतो, मगच तुमची. पर त्यो आवाज परत ऐकायचा न्हाई मला.

वस्ताद: डॉक्टर चाला म्हणालाय. न चालून पाय आकडला तर मग बस म्हणालाय खाटंवर.

बायडाबाई: काठी घिऊन चाला म्हणालाय. कुत्रं घिऊन चाला असं म्हणाला न्हाई.

वस्ताद: काठी घिऊन ह्या गल्लीतनं जाऊ मी? पोरं मला बघून सायकलवरनं उतरायची इथं. हातात कुत्र्याची दोरी असली की लोक म्हंत्यात, वस्ताद फिरायला निघालं. काठी असली की म्हंत्यात, म्हातारं निघालं.

बायडाबाई: म्हणू द्यात. तोंडानं हाड मोडत न्हाई.

वस्ताद: तालमीत नवा वस्ताद आला. पोरं त्येचं ऐकत्यात. ऐकाय पायजेच, रीत हाय. नव्या माणसाला तालमीत कुत्रं नगं हुतं, म्हणून घरी आणला ह्येला. माझं ऐकणारा त्यो एकच ऱ्हायलाय, बायडा.

बायडाबाई: ऐकतोय व्हय? मग त्या दिशी काय ऐकलं त्येनं?

वस्ताद: बस म्हणलं की बसतोय की.

बायडाबाई: बरं. माझं ऐका आता. ऐतवारी तुम्ही स्वता दोरी धरायची. वखारीपातूर जायचं आणि माघारी यायचं. मधला दोरा ऱ्हायला, तर कुत्रं ऱ्हायलं. तुटला, तर टेंपोत. मग आठ दिवस तोंड फुगवून बसायचं न्हाई.

वस्ताद: खरं?

बायडाबाई: माझा शबुद हाय. आली बघा नंदी. वढतच आणली की त्येनं!

नंदिनी: तुटला. पण काकू, वखारीपर्यंत इतका छान गेला! दोरी पाळण्यासारखी लोंबत होती. शेजारून म्हशी गेल्या, त्यानं मान वळवली नाही. आणि मग मोकळ्या रस्त्यावर एकदम हिसका. समोर मांजर नाही, दुसरा कुत्रा नाही, खायचं काही पडलेलं नाही.

वस्ताद: वास आला असंल कसला.

नंदिनी: गुळाचा वास तर सगळ्या गल्लीलाच आहे. काल सायकलच्या दुकानापाशी असंच झालं. परवा नळापाशी. जागा वेगळ्या, माणसं वेगळी. म्हणजे कारण तिसरंच काहीतरी आहे, आणि मला ते दिसत नाही.

बायडाबाई: खोड हाय ती. खोडीला कारण नसतंय.

नंदिनी: असतं, काकू. दिसलं नाही की आपण तिला खोड म्हणतो.

*

नंदिनी: काकू! अहो काकू, जरा बाहेर येता का?

बायडाबाई: आता काय झालं? आणि तू एका पायानं लंगडत का यायलीस? तुला बी पाडलं व्हय त्येनं?

नंदिनी: नाही नाही. चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी पायानं खडीवरून त्याला सांभाळता येईना, म्हणून वखारीच्या खांबाला बांधून आलेय. तुम्ही घेऊन येता का?

बायडाबाई: मी? मी कधी धरतो का त्येची दोरी?

वस्ताद: नगं तर नगं. मी जातो.

बायडाबाई: बसा! उठलासा तर बघा. जातो मी.

वस्ताद: गेली बघ, पदर खोचून. आता त्या मुक्या जिवाचं काय खरं न्हाई.

नंदिनी: काका, उद्या चपलेला टाका घालून आणते, मग दोन फेऱ्या करू. एका फेरीत तो नीट चालतो हे नक्की झालंय. तो हिसकाच तेवढा—

वस्ताद: आली दोघंबी. बघ बघ, कशी यायलीय. जशी बाजारातनं म्हस घिऊन आली.

नंदिनी: काका, दोरी बघा.

वस्ताद: ढिली हाय की!

नंदिनी: काकू, थांबा. तिथेच थांबा, दोरी सोडू नका. दोरा… अख्खा आहे. मघाशी मी बांधला होता तोच आहे. तुम्ही काय केलंत?

बायडाबाई: काय करतोय? दोरी धरली, चालाय लागलो.

नंदिनी: त्याच्याशी बोललात?

बायडाबाई: बोललो की. ‘मेल्या, ऐतवारी तू चंदगडाला,’ म्हणलं.

नंदिनी: भाकरीचा कुटका दिलात?

बायडाबाई: कुटकं घरात हायत.

नंदिनी: कुरवाळलंत कुठं? नीट चालला म्हणून?

बायडाबाई: कशाला? कणीक मळाय बसणार हुतो, हात धुतल्यालं. बोट सुदिक लावलं न्हाई.

नंदिनी: मी लावते.

वस्ताद: म्हंजे?

नंदिनी: मी हात लावते. नीट चालला की शाबासकी म्हणून पाठीवर थाप देते. काल वखारीपाशी सुंदर वळला, मी थाप दिली, आणि मग हिसका. त्याआधी नळापाशी घागरींच्या मधून नीट आला, थाप दिली, आणि… काका, तुम्ही उठू नका, मी इथेच बघते. लंगोट्या, बस. दोरी ढिली आहे, बघा दोघं. मी दुसरं काही करत नाही. फक्त थाप देते. — अरे! अरे, थांब!

बायडाबाई: सुतळी धर! सुतळी!

नंदिनी: धरली. दोरा तुटला.

वस्ताद: परत बांध. परत करून बघ.

नंदिनी: बांधला. आता डोक्यावरून हात फिरवते. काही नाही. कान खाजवते. काही नाही, डोळे मिटले त्यानं. गळ्याखाली. काही नाही. आता पाठीवर थाप. — तुटला.

(वस्ताद हात पुढे करून कुत्र्याला जवळ बोलावतात, आणि हात तसाच मांडीवर ठेवतात.)

बायडाबाई: अवो, काय झालं? बोला की.

वस्ताद: पोरगं मातीत उतरायचं ना, तवा त्येच्या पाठीवर माझी थाप बसायची. थाप बसली की सुटायचं. मागं बघायचं न्हाई. पन्नास वर्सं हेच केलं मी. आणि ह्यो बी तालमीतच वाढला की, पोरी. पहाटं पोरं पळायला निघाली की ह्येची दोरी म्होरल्याच्या कमरंला बांधायची. चढावर ह्यो म्होरं वढायचा, पोरं मागनं. निघताना एकेकाच्या पाठीवर थाप. शेवटाला ह्येच्या पाठीवर.

नंदिनी: म्हणजे थाप ही त्याच्या लेखी शाबासकी नाही.

वस्ताद: थाप म्हंजे ‘सूट’. त्यो हुकूम पाळतोय. इतकं दीस तुझा, माझा, जो थाप देईल त्येचा हुकूम पाळतोय. आणि आपण त्येला खोडील म्हणायलोय.

बायडाबाई: आणि त्या दिशी? पायरीवर?

वस्ताद: त्या दिशी त्यो गप उभा हुता. दुधाच्या म्हशी गेल्या, हलला न्हाई. मी म्हणलं, गुणाचा हाईस.

बायडाबाई: आणि?

वस्ताद: दिली थाप.

बायडाबाई: …च्या गार झाला तुमचा. दुसरा आणतो.

*

नंदिनी: पुन्हा गेला. काका, पुन्हा हात गेला.

वस्ताद: कुठं गेला?

नंदिनी: हवेत. मी मनगट धरलं म्हणून, नाहीतर बसली असती थाप.

वस्ताद: मी नेला न्हाई गं. त्योच जातोय. ह्यो गप बसला, शाण्यासारखं माझ्याकडं बघाय लागला, की हात आपला आपण उठतोय. बैलानं शेपूट हलवावी तसा.

नंदिनी: कुत्र्याचं झालंय. मी हात आवरल्यापासून एकही दोरा तुटला नाही. आता शिकायचं ते तुम्ही.

वस्ताद: मग मला बी कुटकं देणार हाईस का? गूळ लावून दे.

नंदिनी: हसू नका. थापेचा अर्थ त्याला विसरायला लावता येईल, पण त्याला बरेच महिने जातील. ज्ञानूदादा उद्या येताहेत.

वस्ताद: हात कुडत्याच्या खिशात घालतो.

नंदिनी: सकाळी घातला होतात. बाहेर आला.

वस्ताद: मग बांध कमरंला.

नंदिनी: बांधायचा नाही. तोल गेला तर सावरायला तोच हात लागेल.

वस्ताद: मग तोड!

बायडाबाई: सरका. काय तोडायचं न्हाई आणि बांधायचं न्हाई. हे घ्या.

वस्ताद: कागद का फाडलास तिचा? ती काठी माझ्या म्होरं आणू नगंस, सांगितलंय मी.

बायडाबाई: डाव्या हातात दोरी. उजव्या हातात ही. आता थाप माराय कुठला हात जातोय बघू. तिसरा हाय का तुम्हांस्नी?

नंदिनी: काकू! आणि मोडलेला पाय डावा आहे, म्हणजे काठी उजवीकडेच हवी. भार बरोबर पडतो.

बायडाबाई: तू गप. आपलं काय म्हणणं?

वस्ताद: काठी धरल्याला वस्ताद बघितलाय का कुणी कोल्हापुरात?

बायडाबाई: पडल्याला वस्ताद समद्या गल्लीनं बघितलाय. चौघांनी उचलून आत आणला तवा कुणी डोळं झाकलं न्हवतं. त्यापरास काठी धरल्याला बघू देत.

वस्ताद: लागंल असं बोलतीस.

बायडाबाई: लागू दे. माझ्यासाठी घेऊ नगासा. माझ्यासाठी म्हणून ती महिना झाला भित्तीला उभी हाय, मला कळलंय त्यात काय जीव हाय ते. त्येच्यासाठी घ्या.

वस्ताद: लंगोट्यासाठी?

बायडाबाई: बघा, कसा बघायलाय तुमच्याकडं. उठला का हात?

वस्ताद: उठला.

बायडाबाई: मग द्या त्या हाताला काम.

वस्ताद: आण हिकडं. लंगोट्या, बघून ठेव. हंबीरराव वस्तादाला आजवर कुणी मातीत चीत केला न्हाई. तू केलास.

नंदिनी: उभे राहा. हात सरळ खाली सोडा. मूठ मनगटाच्या रेघेशी यायला हवी. दोन बोटं जास्त आहे. वखारीत करवत आहे, खालून कापून आणते.

वस्ताद: काप. कापण्यात तुझा हात बसलाय आता.

*

बायडाबाई: ज्ञानूचा टेंपो आलाय. काजू उतरवून येतो म्हणाला.

नंदिनी: आम्ही तयार आहोत. दोरा बांधते.

बायडाबाई: त्यो नगं. तुझा दोरा मिलचा, पक्क्या पिळाचा. तुझा प्रयोग तुझ्या दोऱ्यावर झाला. माझी अट माझ्या सुतावर. हे घे.

नंदिनी: पण हे कच्चं सूत आहे, काकू. बोटाला गुंडाळून ओढलं तरी तुटेल.

वस्ताद: ते वडाचं न्हवं?

बायडाबाई: व्हय. पुनवंला वडाला गुंडाळून उरलं हुतं, देवळीत ठेवलं हुतं.

वस्ताद: सात जल्माचं सूत, आणि कुत्र्याच्या गळ्यात?

बायडाबाई: गळ्यात न्हाई, मधी. आणि दुसऱ्या टोकाला कोण हाय ते बघा की.

नंदिनी: थांबा, आधी तपासते. दोनशे ग्रॅम… पेललं. अर्धा किलो… तुटलं. माझ्या दोऱ्याच्या एक तृतीयांश आहे हे. काकू, दोन पदर करू का? निदान—

बायडाबाई: एकच.

वस्ताद: एकच असू दे, पोरी. बांध. मला बी बघायचंय.

नंदिनी: बांधलं. सुतळी बाजूनं आहे, ती हातात धरून ठेवा पण ओढू नका. आणि काका, तो कितीही शहाण्यासारखा वागला तरी—

वस्ताद: तोंडानं सांगायचं. चल, लंगोट्या.

बायडाबाई: उतरलं का पायरी?

नंदिनी: तुम्ही तोंड फिरवून का उभ्या आहात?

बायडाबाई: मी बघत न्हाई. तू बघ आणि सांग.

नंदिनी: उतरले. काठी, मग पाय. काठी, मग पाय. बरोबर टाकताहेत. कुत्रा डाव्या अंगाला आहे, अर्धं पाऊल मागे.

बायडाबाई: म्होरं?

नंदिनी: सायकलचं दुकान आलं. दुकानदार उठून उभा राहिला.

बायडाबाई: हसला?

नंदिनी: नाही, नमस्कार केला. काकांनी मान हलवली आणि पुढे गेले.

बायडाबाई: नळावर बाया असतील ह्या वक्ताला. त्येंच्या म्होरं मान ताठ करायला जातील आणि पाऊल चुकंल.

नंदिनी: बायकांनी घागरी बाजूला घेतल्या. मान ताठ केलीय खरी, पण पाऊल नाही चुकलं. दोरी लोंबतेय. वखारीपाशी पोचले. वळताहेत. वळले. आता येताहेत… अरे देवा.

बायडाबाई: पडलं?

नंदिनी: नाही, नाही! समोरून कुणी पैलवान येतोय. धिप्पाड आहे. कान मुडपलेले.

बायडाबाई: गुंडू असंल, ह्येंचा पठ्ठ्या. झालं! आता पाया पडणार, आणि ह्येंची थाप बसणार त्येच्या पाठीवर. त्ये कुत्रं थापंचा आवाज ऐकून बी सुटंल.

नंदिनी: वाकला. पाया पडला.

बायडाबाई: हात कुठं हाय?

नंदिनी: काठीवर. तोंडानंच काहीतरी म्हणाले. गुंडू वाकूनच आहे, काकू. थापेची वाट बघतोय.

बायडाबाई: ऊठ की मुडद्या!

नंदिनी: उठला. आता त्याला लंगोट्या दिसला. हसतोय. ओळखीचा आहे ना त्याच्या. काकू, तो थोपटायला वाकतोय! हात पाठीकडे नेतोय!

बायडाबाई: अगं मग वरड की!

नंदिनी: इथून ऐकू जायचं नाही. काकांनी काठी उचलली!

बायडाबाई: उचलली? मग उभं कशावर हायत?

नंदिनी: पायांवर. दोन्ही पायांवर. काठी आडवी करून गुंडूच्या मनगटाखाली धरलीय. त्याचा हात वरच्या वर थांबला.

बायडाबाई: आणि कुत्रं?

नंदिनी: काकांच्या तोंडाकडे बघतोय.

बायडाबाई: काठी? नंदे, काठी खाली टेक म्हणावं त्येंला.

नंदिनी: टेकली. टेकली, काकू. निघाले. आता वळून बघा, काही होत नाही.

बायडाबाई: दारात येऊ देत. मग बघतो.

नंदिनी: आलेच. सावकाश, काका. पायरीला आधी चांगला पाय वर, मग काठी.

वस्ताद: बघितलासा का त्या गुंड्याचा उद्योग? एवढा मोठा झाला, इचारल्याबिगर हात लावायला निघाला. म्हणलं, चाललंय त्येला चालू दे.

बायडाबाई: त्येला थाप न्हाई दिलीसा. रुसला असंल.

वस्ताद: दोन्ही हात कामात हायत म्हणलं. सांजच्याला घरी ये, बसून देतो.

बायडाबाई: बसा आधी. घाम पुसा. पाय दुखतोय?

वस्ताद: दुखतोय. दोन्ही दुखायलेत, म्हंजे दोन्ही चालले. त्यो बघ, ज्ञानू यायलाय. हातात पोतं बी हाय बसायला घालायचं. काय सांगायचं त्येला?

बायडाबाई: मला इचारू नगासा. मी बघितलं न्हाई. नंदे, तू बघून सांग.

नंदिनी: सूत एकपदरी. अर्ध्या किलोला तुटतं. वखारीपर्यंत जाऊन आलं. तुटलेलं नाही.